मृग, मार्गण आणि माग

तौलनिक साहित्याच्या तासाला शेक्सपिअरचे ‘ॲज यू लाइक इट’ चालू होते. दुसऱ्या अंकाच्या आरंभी आर्डनच्या अरण्यात निर्वासित ड्यूक आणि त्याचे सोबती बोलत असतात. जेक्वीस नावाच्या उदास माणसाने ओढ्याकाठी एक जखमी हरिण पाहिले आणि तो त्याच्या शेजारी बसून जगाच्या निर्दयतेवर बोलत राहिला, अशी हकिगत एक सरदार सांगतो. या ठिकाणी अध्यापक साधारणतः विषादवृत्ती, दरबार आणि अरण्य यांतील विरोध अशा ठरलेल्या गोष्टी सांगतात. मीही तेच सांगत होते. मागच्या बाकावरच्या एका मुलाने मध्येच विचारले, “मॅडम, बाण लागलाय तर ते हरिण लगेच मरत का नाही? आणि ओढ्यावरच का येतं?”

वर्ग हसला. मला मात्र उत्तर देता आले नाही. संहितेतल्या प्रतिमा सोडवण्यात आयुष्याची वीस वर्षे गेली, पण त्या प्रतिमेतल्या हरणाला नेमके काय झाले आहे, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. पुढचे काही महिने मी त्या प्रश्नाचा पाठपुरावा करीत राहिले. त्यातून जे हाती आले ते शिकारीच्या इतिहासाचे आहे, एका आर्चबिशपचे आहे आणि थोडेसे आपल्या भाषेचेही आहे.

प्रथम त्या बाणाविषयी. ड्यूक जिथे अरण्याच्या मूळ रहिवाशांना त्यांच्याच प्रदेशात मारावे लागते याची खंत व्यक्त करतो, तिथे शेक्सपिअर दुभंगलेल्या टोकांचा उल्लेख करतो. घाईने वाचणाऱ्याला त्यात हरणांची शिंगे दिसण्याचा संभव आहे. भाषांतर करणाऱ्याची तर तिथे हमखास फसगत व्हावी. प्रत्यक्षात ती शिंगे नव्हेत, बाणांची टोके आहेत. रॉजर ॲस्कम या विद्वानाने १५४५ मध्ये धनुर्विद्येवर ‘टॉक्सोफिलस’ हा संवादग्रंथ लिहिला. त्यात रुंद फाळांचे दोन प्रकार तो वेगळे सांगतो. एकाची दोन टोके मागे, पिसांच्या दिशेने वळलेली असतात. त्याला तो रुंद फाळ किंवा पाकोळीच्या शेपटीचा फाळ म्हणतो. दुसऱ्याची टोके पुढे, काट्याच्या चमच्यासारखी आलेली असतात. तो दुभंगलेला फाळ. ॲस्कम हा एलिझाबेथ राणीचा गुरू. शेक्सपिअरच्या प्रेक्षकाला हा फरक समजावून सांगण्याची गरज नव्हती, आपल्याला आहे.

चिलखत भेदायचे असेल तर फाळ सुईसारखा निमुळता हवा. हरणाला चिलखत नसते. तिथे भेदण्यापेक्षा कापणे महत्त्वाचे, म्हणून फाळ रुंद आणि धारदार. बंदुकीची गोळी आघाताने मारते. बाणाजवळ तेवढा आघात नसतो. तो मारतो रक्तस्रावाने. आत शिरताना त्याची पाती ज्या धमन्या-शिरा कापतील, फुप्फुस किंवा काळीज ज्या मानाने फाटेल, त्या मानाने मरण लवकर किंवा उशिरा येते. मागे वळलेली टोके असलेला फाळ जखमेतून सहज निसटत नाही, आणि पळणाऱ्या जनावराच्या प्रत्येक झेपेबरोबर आत कापत राहतो. म्हणजे नेम अचूक असला तरी बाण लागला त्या जागी हरिण कोसळते असे नाही. ते पळते, आणि शिकाऱ्याचे खरे काम तिथून सुरू होते.

महाभारतातील युद्धवर्णने वाचताना क्षुरप्र, भल्ल, अर्धचंद्र, नाराच, वत्सदंत ही नावे आपण अलंकारासारखी ओलांडून जातो, निदान मी तरी जात आले. क्षुरप्र म्हणजे वस्तऱ्यासारखा धारदार आणि नाराच म्हणजे सबंध लोखंडाचा बाण, हे आपल्याला कोशात पाहावे लागते. त्या नावांमागे कुणीतरी लोहार होता आणि त्याच्याकडे येणाऱ्याला काय कापायचे आहे हे ठाऊक होते.

आता रक्ताविषयी. चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये ‘मोदूस राजा आणि रॅशिओ राणी यांचे पुस्तक’ नावाचा एक शिकारग्रंथ रचला गेला. तो आंरी द फेरिएर याच्या नावावर आहे. नावे रूपकात्मक आहेत: मोदूस म्हणजे रीत, रॅशिओ म्हणजे विवेक. राजा शिष्यांना शिकारीच्या रीती सांगतो आणि राणी त्यांतून नीतीचा अर्थ काढते. आपल्या महानुभाव दृष्टान्तांचा अभ्यास केलेल्यांना ही मांडणी परकी वाटणार नाही. त्यात धनुष्यबाणाच्या शिकारीला स्वतंत्र जागा आहे, आणि जखमी जनावराचा रक्तावरून माग काढणाऱ्या कुत्र्यालाही आहे. हे ज्ञान शिकाऱ्यांच्या पिढ्यांनी जपले, आणि त्यातले बरेचसे आजही जसेच्या तसे लागू आहे. रक्त तांबडेभडक आणि फेसाळ, त्यात बारीक बुडबुडे असतील तर बाण फुप्फुसात लागला; जनावर फार दूर नाही. रक्त गडद असेल तर यकृत, थांबले पाहिजे. रक्त थोडे, त्यात हिरवट घाण आणि दुर्गंधी असेल तर पोटात. मग कित्येक तास थांबायचे. लगेच मागे लागले तर ते जनावर उठून कोसभर पळेल आणि कुणालाच सापडणार नाही. नुसत्या मांसात लागला असेल तर आरंभी पुष्कळ रक्त दिसते, मग थेंब विरळ होतात आणि माग तुटतो. बाण आरपार जाऊन खालच्या बाजूने बाहेर पडला तर जमिनीवर माग चांगला उमटतो. वरून शिरून आतच राहिला तर रक्त शरीराच्या पोकळीतच साठते, आणि गवत कोरडे राहते. अमेरिकेतील क्रॉसबोवाले शिकारी स्थिर पात्यांचा फाळ बरा की लागल्यावर उघडणाऱ्या पात्यांचा, यावर जे तावातावाने वाद घालतात, त्यांच्या मुळाशी हाच जुना हिशेब आहे: जखम केवढी होईल, आणि माग मिळेल का.

जखमी हरिण पुष्कळदा पाण्याकडे आणि निवांत जागेकडे जाते, हेही या लोकांना ठाऊक असते. शेक्सपिअरच्या ड्यूकला खंत वाटते ती हरणांच्या पुट्ठ्यांत फाळ घुसतात याची. पुट्ठ्यात म्हणजे मांसात. तिथली जखम सहसा सावकाश मारते. त्या मुलाच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे अशी संहितेतच होती. जेक्वीस ज्याच्याजवळ बसून तत्त्वचिंतन करतो, ते चुकलेल्या नेमाचे हरिण आहे. कुणा शिकाऱ्याने त्याचा माग नीट काढला असता तर ते इतका वेळ तिथे विव्हळत राहिले नसते. जेक्वीसचे सगळे सुंदर भाषण एका अर्धवट सोडलेल्या कामाच्या जागी उभे आहे, हे ध्यानात आल्यावर मला ते पूर्वीसारखे वाचता येईना.

फ्रान्सच्या दक्षिणेकडील फ्वा प्रांताचा काउंट गास्तों फेबूस याने १३८७ मध्ये आपला प्रसिद्ध शिकारग्रंथ लिहावयास घेतला. त्याचा खरा जीव कुत्र्यांच्या शिकारीवर होता. धनुष्याबद्दल अधिक जाणून घ्यायचे असेल त्याने इंग्लंडात जावे, तो त्यांचाच धंदा आहे, असे तो सांगून टाकतो. पुढे यॉर्कच्या ड्यूक एडवर्डने त्याच ग्रंथाचे बव्हंशी भाषांतर करून इंग्रजीतला ‘द मास्टर ऑफ गेम’ सिद्ध केला, आणि तो १४१५ मध्ये आजँकूरच्या लढाईत मारला गेला. ती लढाई इंग्रज धनुर्धाऱ्यांनी जिंकली होती. भाषांतरकारांच्या चरित्रांत असे योगायोग फार असतात. या लेखात आणखी दोन भाषांतरकार यावयाचे आहेत.

रक्ताचा माग काढणारा कुत्रा म्हणजे ब्लडहाउंड. स्कॉटलंडच्या बाजूला त्याला स्ल्यूथ-हाउंड म्हणत. ‘स्ल्यूथ’ या शब्दाचा मूळ अर्थ माग, पाऊलवाट. तो जुन्या नॉर्स भाषेतून आला. पुढे एकोणिसाव्या शतकात तोच शब्द गुप्तहेराला लागला. कार्लो गिन्झबुर्ग या इटालियन इतिहासकाराने १९७९ मध्ये लिहिलेल्या ‘खुणा’विषयीच्या निबंधात याच दिशेने एक तर्क मांडला आहे. गोष्ट सांगण्याची कल्पना प्रथम शिकाऱ्यांच्या समाजात जन्मली असावी, कारण मुक्या खुणांवरून घडून गेलेल्या घटनांची सुसंगत मालिका रचणे त्यालाच जमत होते. हा तर्क सिद्ध करण्याजोगा नाही. तरी शेरलॉक होम्सपासून फ्रॉइडपर्यंत तो ज्या ऐटीत नेला आहे ती पाहण्यासारखी आहे.

आणि क्रॉसबो? लाकडी दांड्यावर आडवे बसवलेले, दोरी ताणून अडकवून ठेवायचे आणि चाप दाबून सोडायचे असे हे धनुष्य. त्याचा बाण आखूड आणि जाड असतो. लांब धनुष्याला लहानपणापासूनचा सराव लागतो. क्रॉसबो मात्र ताणून धरून वाट पाहू देतो, आणि थोड्या सरावात कुणाच्याही हाती येतो. इथेच राज्यकर्त्यांची पंचाईत झाली. ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन धर्मसभेने ख्रिस्ती माणसांवर धनुर्धाऱ्यांची आणि क्रॉसबोवाल्यांची विद्या चालवण्यास मनाई केली होती. तरीही सिंहहृदयी म्हणून ख्यात असलेला रिचर्ड राजा ११९९ मध्ये क्रॉसबोच्या बाणानेच मेला. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या १५४१ च्या कायद्याने वर्षाला शंभर पौंडांचे उत्पन्न नसलेल्या माणसाला क्रॉसबो बाळगण्याची बंदी केली. म्हणजे तो अरण्यात चोरी करणाऱ्याच्या हातून काढून उमरावाच्या हाती ठेवला. १५९१ च्या ऑगस्टमध्ये एलिझाबेथ राणी कॉड्रे येथे गेली, तेव्हा अप्सरेच्या वेषातील एका स्त्रीने गीत गाऊन तिच्या हाती क्रॉसबो दिला, आणि कुंपणात हाकलत आणलेली तीन-चार हरणे राणीने मारली. तिथे माग काढण्याचा प्रश्नच नव्हता. क्रानाखने १५२९ मध्ये सम्राट मॅक्सिमिलियन आणि सॅक्सनीचा फ्रेडरिक यांची शिकार रंगवली. तीत हरणे कळपाने पाण्यात हाकलली आहेत आणि काठावरून क्रॉसबो रोखलेले आहेत. पाण्यात रक्ताचा माग उरत नाही, पण हरिणही कुठे जात नाही.

शेक्सपिअरच्या ‘सहावा हेन्री’ या नाटकमालिकेच्या तिसऱ्या भागात मात्र क्रॉसबो दोन रखवालदारांच्या हातात दिसतो. झुडपात लपून ते हरणाची वाट पाहत आहेत. तुझ्या क्रॉसबोच्या आवाजाने कळप बिचकेल, असे एक दुसऱ्याला सांगतो. हरणांऐवजी त्यांच्यासमोर वेषांतर केलेला पदच्युत राजा येतो आणि ते त्याला पकडतात. रंगभूमीवरच्या प्रसंगात शिकार अशी माणसावर येऊन थांबते. प्रत्यक्षातही एकदा तसेच झाले.

जॉर्ज ॲबट हा गिल्डफर्डच्या एका कापड-कारागिराचा मुलगा. विद्वत्तेच्या बळावर तो कँटरबरीचा आर्चबिशप झाला. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या, पहिल्या जेम्सच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बायबल-भाषांतरात ज्या ऑक्सफर्डच्या मंडळाने शुभवर्तमानांचे काम केले, त्यात तो होता. १६२१ च्या जुलैमध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, लॉर्ड झूश याच्या हॅम्पशायरमधील ब्रॅम्शिल पार्कात तो गेला असता त्याच्यासाठी शिकारीचा बेत केला गेला. २४ जुलैला त्याने क्रॉसबोने एका हरणावर नेम धरला. बाण लागला पीटर हॉकिन्स नावाच्या रखवालदाराला, दंडावर. रक्त थांबेना आणि थोड्याच वेळात तो मेला.

फाळाविषयी वर जे लिहिले ते या ठिकाणी पुन्हा आठवावे. दंडावर साधा निमुळता बाण लागला असता तर माणूस बहुधा वाचला असता. हा टोके मागे वळलेला, हरणासाठी बनवलेला बाण होता. धमनी कापून रक्त वाहते ठेवण्यासाठीच तो घडवलेला होता, आणि त्याने ते काम अचूक केले. इथे माग काढण्याची गरज पडली नाही; सगळे डोळ्यांदेखत झाले.

कोरोनरच्या पंचांनी निर्णय दिला की मृत्यू अपघाताने आणि मृताच्याच चुकीने झाला. हॉकिन्सला दूर राहण्याची सूचना दिली होती, असे सांगितले गेले. देवदूताच्याही हातून असे घडू शकते, असे राजा जेम्स म्हणाल्याची नोंद आहे. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण इथे संपावयास हवे होते. पण चर्चच्या जुन्या धर्मशास्त्रात रक्त सांडलेल्या पुरोहिताला विधी करण्याचा अधिकार राहत नाही. अपघात असेल तर दोष नाही, मात्र ज्या कृत्यातून अपघात घडला ते कृत्यच निषिद्ध असेल तर दोष लागतो. मग प्रश्न असा उभा राहिला: बिशपला शिकारीची मुभा आहे का? धर्मशास्त्राने पुरोहितांना शिकार वर्ज्य सांगितली होती. उलट १२१७ च्या वनसनदेने राजाच्या अरण्यातून जाणाऱ्या आर्चबिशपला एखाद-दुसरे जनावर मारण्याची मुभा दिली होती. वनरक्षकासमक्ष मारावे, तो नसेल तर शिंग फुंकावे, म्हणजे चोरी वाटणार नाही. प्रसिद्ध विधिज्ञ एडवर्ड कोक याला विचारले तेव्हा त्याने म्हणे एवढेच दाखवून दिले, की बिशप मेला की त्याचे शिकारी कुत्रे राजाकडे जातात असा कायदा आहे; तेव्हा कुत्रे असतील तर शिकारही असणारच. मला हा युक्तिवाद फार आवडला. कायद्याच्या पोटातून अशा वेळी कुत्रे निघतात.

राजाने दहा जणांची समिती नेमली. दोष लागतो का, या मूळ प्रश्नावर ती दुभंगली. बिशपांपैकी ॲबटच्या बाजूने ठामपणे उभा राहिला तो विंचेस्टरचा लॅन्सलॉट अँड्र्यूज. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना हे नाव टी. एस. एलियटमुळे माहीत असते. एलियटने १९२८ मध्ये त्याच्यावरचा निबंध पुस्तकाच्या शीर्षस्थानी ठेवला. अँड्र्यूजही बायबलचा भाषांतरकार होता. उत्पत्तीपासून राजांच्या दुसऱ्या पुस्तकापर्यंतचा भाग ज्या मंडळाने केला त्याचा तो प्रमुख. त्याच भागात भावाच्या सांडलेल्या रक्ताने जमिनीतून हाक मारल्याची कथा येते. झाड तोडताना कुऱ्हाडीचे लोखंड दांड्यातून निसटून शेजारी मेला तर मारणाऱ्याला आश्रयनगर द्यावे, हा नियमही त्याच भागात येतो. रक्त बोलते आणि लोखंड निसटते, ही दोन्ही वाक्ये ज्याच्या देखरेखीखाली इंग्रजीत आली, तो या खटल्यात निसटलेल्या लोखंडाच्या बाजूने बसला.

राजाने वर्षअखेरीस ॲबटला क्षमापत्र दिले. दरम्यान नव्याने नेमलेल्या काही बिशपांनी त्याच्या हातून दीक्षा घेण्यास नकार दिला आणि ती दुसऱ्या बिशपांकडून घेतली. त्यांत विल्यम लॉड होता. याच लॉडला १६३३ मध्ये ॲबटच्या मृत्यूनंतर त्याची गादी मिळाली, आणि १६४५ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. नकार देणाऱ्यांच्या मनात धर्मशास्त्र किती आणि रिकामी होऊ घातलेली गादी किती, हे ज्याने त्याने ठरवावे. माझे मत दुसऱ्या पारड्यात पडते.

आपल्या परंपरेत हा प्रश्न परका नाही. दशरथाने आवाजावर सोडलेला बाण, पांडूने हरिणरूपातील किंदम ऋषीला मारलेला बाण, या कथांत अपघाताला शाप मिळतो आणि तो शाप कथेला पुढे रेटतो. जरा व्याधाची कथा याहून निराळी आहे. यादवांच्या नाशाला कारण झालेल्या मुसळाचा उरलेला लोखंडी तुकडा माशाच्या पोटातून त्याच्या हाती येतो. त्याचा तो फाळ करतो आणि कृष्णाच्या पायाला हरिण समजून मारतो. तिथे शाप फाळात आधीच आहे. व्याधाला तर कृष्ण क्षमाच करतो. कोरोनर नाही, समिती नाही. आणि हालाच्या ‘गाथासप्तशती’त, म्हणजे आपल्या महाराष्ट्री प्राकृतात, एक हरणांचे जोडपे एकमेकांना वाचवण्यासाठी बाणासमोर येत राहते आणि व्याध रडून धनुष्य खाली ठेवतो. तिथे बाण सुटतच नाही.

संस्कृत कोशात ‘मार्गण’ या शब्दाचे अर्थ पाहिले तर शोध, याचक आणि बाण असे तीनही सापडतात. मृग, मृगया, मार्ग, मार्गण हे शब्द एकाच कुळातले. मराठीतला ‘माग’ त्याच ‘मार्गा’चा. जखमी जनावरामागे रक्ताच्या थेंबांवरून जाणाऱ्यासाठी आपण जो शब्द वापरतो, तोच चोरासाठी आणि हरवलेल्या माणसासाठी वापरतो. बाणाला ‘शोध’ म्हणणाऱ्या भाषेला बाणाची अर्धीच कामगिरी ठाऊक नव्हती, असे म्हणवत नाही.

इंग्लंडात १९६३ च्या हरिण-कायद्याने हरणांवर बाण सोडण्यास बंदी आली, ती मुख्यतः जखमी होऊन निसटणाऱ्या जनावरांच्या हालांमुळे. अमेरिकेतील अनेक राज्यांत क्रॉसबोने हरणाची शिकार आजही कायदेशीर आहे.

ॲबटने उरलेले आयुष्य दर महिन्यातून एका मंगळवारी उपवास केला. तो दिवस मंगळवार होता. हॉकिन्सच्या विधवेला त्याने वर्षाला वीस पौंड बांधून दिले. त्या काळच्या एका लेखकाने मिस्कीलपणे लिहून ठेवले आहे, की त्या पैशांमुळे तिला लवकरच दुसरा नवरा मिळाला. तिचे नाव मात्र मला ज्या पुस्तकांत ही हकिगत वाचायला मिळाली त्यांतील एकातही आढळले नाही. पुढच्या वर्षी तोच प्रवेश पुन्हा शिकवताना मी हे सगळे सांगितले. तो मुलगा तोवर पास होऊन गेला होता.